बसा की, जावईबापू! मोटारसायकल टाळत पळालेले एकवीस किलोमीटर

फॉर्म भरला तेव्हा अर्धी मॅरेथॉन म्हणजे दहाएक किलोमीटर असणार, असं मला वाटलं होतं. अर्धी म्हटल्यावर माणूस आणखी काय समजणार? जानेवारीत कोल्हापुरात शर्यत आहे, बायकोचं माहेर त्याच जिल्ह्यात आहे, त्या निमित्तानं सासुरवाडी होईल, तांबडा रस्सा होईल आणि मध्ये एका सकाळी तासभर पळून टाकू, एवढाच माझा बेत होता. पैसे भरून झाल्यावर सुजातानं, म्हणजे बायकोनं, मोबाईलवर आलेली पावती वाचली आणि विचारलं, "एकवीस किलोमीटर? तू?"

त्या 'तू'मध्ये अठरा वर्षांचा संसार होता.

तिचंही चुकलं नव्हतं. मी सेहेचाळीस वर्षांचा, पुण्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल. दिवसभर बसून काम, आणि उठायचं तेही शिडीवर चढून वरच्या फळीतलं पुस्तक काढायला. आयुष्यात शेवटचा पळालो होतो तो स्वारगेटला सुटलेल्या एसटीमागं, आणि ती एसटीसुद्धा मिळाली नव्हती. एरवी या ब्लॉगवर मी देवळं, किल्ले आणि खानावळींबद्दल लिहितो. पळण्याबद्दल लिहायची वेळ येईल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

पण फॉर्म भरला होता आणि पैसे परत मिळणार नव्हते. ऑगस्टमध्ये मी आमच्या घरामागच्या मैदानावर सकाळी पळणाऱ्या एका गटात जाऊन उभा राहिलो. गट चालवणाऱ्या देशमुख मॅडम एकसष्ट वर्षांच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या खेळाच्या शिक्षिका. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला. असं दहा वेळा." चौथ्या वेळेला मी बाकावर होतो.

तुमच्यापैकी कुणी शून्यातून सुरुवात करणार असेल तर मॅडमनी मला सांगितलेलं इथं लिहून ठेवतो, कारण यातलं प्रत्येक वाक्य मी आधी मोडलं आणि मग पाळलं. बूट एक नंबर मोठे घ्या. शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगानं पळा. आठवड्यातून तीन दिवस पुरेत, पण रविवारची लांब धाव चुकवू नका, आणि ती दर आठवड्याला एखाद्या किलोमीटरनंच वाढवा. मांड्या घासतात तिथं व्हॅसलीन लावा, लाजू नका. शर्यतीच्या तीन आठवडे आधी एकदा अठरा किलोमीटर पळा आणि त्यानंतर कमी करत जा. "अठरा झाले की उरलेले तीन लोक पळवतात," असं मॅडमचं गणित होतं. त्या अठरांवर त्यांचा फार जोर होता. "अठरा झाल्याशिवाय मी तुम्हाला कोल्हापूरला पाठवणार नाही," असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या.

डिसेंबरपर्यंत मी तेरावर आलो होतो. पोट थोडं आत गेलं होतं, झोप छान लागत होती, आणि मुख्य म्हणजे मला ते आवडायला लागलं होतं. पहाटेच्या अंधारात चपलांच्या कपाटातून बूट काढताना होणारा आनंद मी इतकी वर्षं कुठं ठेवला होता, कोण जाणे. घोळ एवढाच झाला की अठरांचा रविवार आला नाताळच्या सुट्टीत, आणि सुजातानं आधीच माहेरी कळवून टाकलं होतं.

तर पहिला मुक्काम शिरोळ. स्वारगेटहून सकाळच्या सांगली गाडीनं निघालो. महामार्गाची कामं चालू आहेत, जागोजागी रस्ता वळवलाय, त्यामुळे पाच तास सांगितले तर साडेसहा धरा. कराडला गाडी थांबते तिथला वडा गरम असतो. चहा मात्र नुसता गोड पाणी. सांगलीहून दुसरी गाडी धरून जयसिंगपूर. तिथं स्टँडच्या बाहेर सासरे मोटारसायकल घेऊन उभे होते. सासऱ्यांना मी तिकडच्या रीतीनं मामा म्हणतो, सासूबाईंना मामी. मुली आणि सगळं गाव मामांना आबा म्हणतं.

मामा सत्तरीचे. तरुणपणी तालमीत घुमलेले. अजूनही कान मोडलेले आणि मान हलत नाही. ऊस आहे, दोन म्हशी आहेत, आणि पंचवीस वर्षांपूर्वीची एक मोटारसायकल आहे, जिच्यावरून ते खाली उतरतात ते फक्त जेवायला आणि झोपायला. गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. त्यावर मामांचं म्हणणं असं, "गाडी दारात असताना चालत गेलो तर लोकास्नी काय वाटंल? ह्याच्याकडं पेट्रोलला पैसं न्हाईत, असंच म्हणतील की!" त्यामुळे घरापासून किलोमीटरभरावरच्या डेअरीत दूध घालायलाही मामा गाडीवरच जातात, दोन कॅन दोन्हीकडं लटकवून.

संध्याकाळी मी जेवताना जाहीर केलं की सकाळी अठरा किलोमीटर पळणार आहे. मामी वाढता वाढता थांबल्या.

"कुणाच्या घरला जायचंय?"

"कुठं नाही. नऊ किलोमीटर जायचं आणि परत यायचं."

"आणि मग गेलासा कशाला?" मामींनी अगदी मनापासून विचारलं.

मामांनी फक्त सुजाताकडं पाहिलं आणि ती हसू दाबत ताकात मीठ घालत राहिली.

पहाटे सहाला निघालो. मळ्याच्या वाटेनं डांबरी रस्त्यावर आलं की दोन्ही बाजूंना ऊस, वर धुकं, आणि कुठल्यातरी गुऱ्हाळातून येणारा कढत्या रसाचा वास. पळायला इतका सपाट, इतका सुंदर रस्ता मी पुण्यात पाहिलेला नाही. फक्त हंगामात जाणार असाल तर समोरून येणाऱ्या वाहनांकडं तोंड करून पळा. उसाच्या ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या असतात, गाणी इतक्या जोरात लावलेली असतात की हॉर्नचा उपयोग नाही, आणि बाहेर आलेली उसाची टोकं बरोबर खांद्याच्या उंचीवर असतात.

ट्रॅक्टरनी मला त्रास दिला नाही. त्रास झाला तो माणुसकीचा. पहिल्या किलोमीटरलाच एक मोटारसायकल शेजारी हळू झाली.

"काय झालं पावणं? गाडी बंद पडली व्हय?"

"नाही नाही, पळतोय."

"कशापायी?"

"असंच. व्यायाम."

"मग व्यायाम करा की, चालत कशाला निघालासा? बसा, सोडतो."

दुसरा, तिसरा, चौथा. दुधाच्या कॅनवाला, शाळेचे गुरुजी, पिकअपमधलं एक अख्खं कुटुंब. त्या भागात रस्त्यानं चालणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या शेजारून गाडी तशीच पुढं नेणं हा अपमान समजतात, आणि मी तर गावचा जावई. सातव्या किलोमीटरला एका बाईंनी बैलगाडी थांबवून विचारलं, "आबांचा जावई न्हवं का तुम्ही? भांडून निघालाय काय?" मी हसत हात जोडत पुढं जात राहिलो. मला त्या वेळी कळलं नाही, पण माझ्या मागं एकेक जण खिशातून फोन काढत होता.

नऊ किलोमीटरवर वळलो. बरं वाटत होतं. पाय बोलत होते, पण ऐकत होते. चौदावा किलोमीटर संपला आणि मागून तो ओळखीचा आवाज आला, इंजिनाचा. मामा. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, अंगात स्वेटर उलटा.

"पाच फोन आलं मला! पाच! आबा, तुमचा जावई पायी चाललाय म्हणून! बसा की, जावईबापू!"

मी म्हणालो, "मामा, चारच राहिलेत. येतो पळत."

"चार काय कमी हायत? बसा."

"मामा, खरंच नको."

मामांनी गाडी माझ्या पुढ्यात आडवी लावली. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "का? आमच्या गाडीवर बसायची लाज वाटती व्हय?"

आता सांगा, यावर कुठला जावई उभा राहील? मी बसलो. अठरा वर्षांत मी मामांच्या कुठल्याही गोष्टीला नाही म्हटलेलं नाही, आणि तेही मला कधी कडू बोललेले नाहीत. उरलेले चार किलोमीटर सहा मिनिटांत संपले. वाऱ्यानं घाम वाळला. गोठ्यापाशी उतरलो तेव्हा मनगटावरचं अंतर मोजणारं घड्याळ वाजलं. अभिनंदन, अठरा किलोमीटर.

ते बंद करायला मी विसरलो होतो. इथपर्यंत ती चूक होती. पुढचं मात्र मी स्वतः केलं. तो अठराचा आकडा, दर किलोमीटरच्या वेळांसकट, मी जसाच्या तसा पुण्याच्या गटात टाकला. पंधरा मिनिटांत चाळीस अंगठे आले. देशमुख मॅडमनी लिहिलं, "शाब्बास." मॅडम सहसा शाब्बास लिहीत नाहीत.

दुपारी मामा मला नृसिंहवाडीला घेऊन गेले, अर्थात गाडीवरच. दर्शन, घाट, मग कवठाची बर्फी आणि बासुंदी. तिकडं गेलात तर बर्फी नक्की घ्या, पण दोन दिवसांत संपवा. मी पेटी उघडून एक तुकडा तोंडात टाकला आणि त्याला चवच लागली नाही. कृष्णेचं पाणी संथ, संगमावर नावा, सगळं कसं छान, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट: चौदा.

पुण्यात परतल्यावर ते वाढतच गेलं. आता पळणं कमी करायचे आठवडे होते, अठरा पुन्हा करायला वेळ नव्हता. गटातले नवखे लोक मला विचारायचे, "अठराला कसं वाटलं?" मी सांगायचो, "शेवटचे चार एकदम हलके गेले." हे खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त लागायचं. माझे पाय आयुष्यात कधी चौदाच्या पुढं गेले नव्हते, आणि कोल्हापुरात त्यांना एकवीस जायचं होतं. आणखी एक: मामांना मी बोलावलं तर नव्हतं, पण ते येणार हे मला माहीत होतं.

जानेवारीत शर्यतीच्या आदल्या दिवशी रेल्वेनं कोल्हापूरला निघालो. पुण्याहून रेल्वे एसटीपेक्षा निवांत. खिडकीची जागा मिळाली तर साताऱ्याच्या आसपासचे वळणावळणाचे डोंगर चुकवू नका. मिरज गेल्यावर मला राहवेना. मी सुजाताला सगळं सांगून टाकलं. ती शेंगा सोलत होती. सोलतच राहिली.

"मला माहितीये," ती म्हणाली.

"कसं?"

"आबांनी सांगितलं. मला, आईला, बहिणीला, डेअरीत, सगळ्यांना. जावई दमून बसला होता, मी वेळेवर पोचलो म्हणून, असं. फार खूश होते."

तिनं माझ्या हातावर सोललेले दाणे ठेवले आणि म्हणाली, "उद्याही येणारेत. नको असेल तर तुलाच नाही म्हणावं लागेल. मी म्हटलं तर ते माझ्यावर चिडतील आणि तुला बसवतीलच."

मुक्काम कसबा बावड्यात, मेहुणीकडं. संगीता आणि तिच्या नवऱ्याचं घर नव्या वस्तीत आहे. गच्चीवरून एका बाजूला साखर कारखान्याचं धुराडं आणि दुसऱ्या बाजूला अजून विकला न गेलेला उसाचा एक तुकडा दिसतो. हंगामात हवेत मळीचा वास असतो, दोन तासांनी तो नाकाला सवयीचा होतो. नातेवाईक नसतील तर स्टेशनच्या आसपास किंवा राजारामपुरीत लॉज मिळतात, मात्र शर्यतीच्या आठवड्यात आधी फोन करा. नंबराचा कागद आणि टी-शर्ट दुपारी मैदानावर मिळाला. तिथून रंकाळ्यावर गेलो, कठड्यावर बसून भेळ खाल्ली नाही. मॅडमनी बाहेरचं बंद सांगितलं होतं. सुजातानं माझ्यासमोर खाल्ली.

संध्याकाळी मामा पोचले. शिरोळहून पन्नासएक किलोमीटर, सत्तरीचं वय, त्याच गाडीवर. घरात शिरताच म्हणाले, "मी बी येणार. एवढं काय हाय ते बघतो तरी."

जेवायला संगीतानं दीड किलो मटण आणलं होतं. तांबडा, पांढरा, सुकं, सगळं. मी वरणभात मागितला. तिचा चेहरा असा झाला, जणू मी ताट फेकलंय.

"जावई घरात आणि वरणभात वाढू? शेजारी काय म्हणतील?"

माझ्या मदतीला आले ते चक्क मामा. "असू दे गं. कुस्तीच्या आदल्या दिवशी आमचं वस्ताद बी आम्हाला मटण खाऊ देत न्हवतं. पोट जड झालं की पाय उचलत न्हाय." आणि मला म्हणाले, "पांढरा रस्सा वाटीभर घ्या, त्यानं काय होत न्हाय."

हीच वेळ, असं मला वाटलं. मी घसा साफ केला. "मामा, उद्या तुम्ही..."

"काळजीच करू नका," मामा म्हणाले. "मी हाय की मागं. टाकी फुल करून आलोय."

मी पांढरा रस्सा प्यालो.

झोपायच्या आधी मात्र एक काम केलं. गच्चीवर जाऊन गटात लिहिलं: त्या अठरांतले चौदाच माझे होते, उरलेले चार सासऱ्यांच्या मोटारसायकलचे, सांगायला उशीर झाला, माफ करा. दोनच मिनिटांत मॅडमचं उत्तर आलं. "पंधरावा किलोमीटर दीड मिनिटात कुणी पळत नाही. वाट बघत होते. आता झोपा. उद्या हळू सुरुवात करा."

सकाळी मैदानावर हलगी वाजत होती आणि थंडीनं सगळे जागच्या जागी उड्या मारत होते. आमचा रस्ता शहरातून बावड्यातून नदीच्या पुलापलीकडं शियेच्या बाजूला जाऊन परत. मी सगळ्यात मागं उभा राहिलो, मागंच पळालो. कोल्हापुरात शेवटून पळणाऱ्यालाही एकटं वाटत नाही, हे मी शपथेवर सांगतो. घराघरातून लोक खुर्च्या टाकून बसले होते. "पळा पावणं, पळा! घाबरू नका, मागं कोण न्हाय!" असं एका आजोबांनी मला ओरडून सांगितलं आणि सगळा चौक हसला. मीही हसलो. पाण्याच्या टेबलांवर केळी होती, आणि एके ठिकाणी बायकांनी परातीत गूळ-शेंगदाणे ठेवले होते. "अजून घ्या, वाळलासा की!" म्हणत एकीनं माझी मूठ भरली.

पुलावर धुकं होतं. खाली पंचगंगा दिसत नव्हती, नुसता गारवा वर येत होता. वळण घेतलं, परतीला लागलो, आणि चौदाची पाटी आली. तिला हात लावून पुढं गेलो. पंधरा झाले. सोळा झाले. पंधराव्याला साडेआठ मिनिटं लागली आणि ती सगळी माझी होती. खूप वर्षांनी मला स्वतःबद्दल साधा, सरळ अभिमान वाटला.

अठराच्या जरा अलीकडं डाव्या पोटरीत गोळा आला. असा आला की मी एका घराच्या ओट्याला धरून उभाच राहिलो. पाय टेकवेना. शेजारून दोन-तीन जण गेले, त्यांनी विचारलं, मी हात केला. आणि त्याच वेळी, शर्यतीसाठी रस्ता बंद असताना, कुठल्या शेताच्या वाटेनं कोण जाणे, मामा आले. गाडी ओट्याला लावली.

"बसा की, जावईबापू. तीनच किलोमीटर. ह्या आतल्या वाटंनं नेतो, मैदानाच्या मागं सोडतो. कुणाला कळणार न्हाय."

मागची सीट रिकामी होती. त्यावर त्यांनी घरून आणलेली घोंगडी घडी करून ठेवली होती, मला टोचू नये म्हणून. ती घोंगडी बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या माणसाला माझं चांगलंच करायचं होतं.

"न्हाय बसत, मामा," मी म्हणालो. पुण्यात अठ्ठावीस वर्षं राहिलेल्या माझ्या तोंडून 'न्हाय'च निघालं. "त्या वेळी बसलो ती माझी चूक झाली. तुमची नाही. लोकांना मी अठरा पळालो म्हणून सांगितलं, आणि तेव्हापासून मला जेवण गोड लागलेलं नाही. आज सरपटत गेलो तरी चालेल, पण पायांनी जाणार. तुम्ही रागावू नका."

मामांनी गाडी बंद केली. मग म्हणाले, "अठरा वर्सांत पैल्यांदा न्हाय म्हणालासा."

"हो."

"गाडी न्हाय तर न्हाय. पाय हिकडं करा."

गाडी स्टँडला लावून ते ओट्यावर बसले, दुखरा गुडघा लांब सोडून, आणि माझा पाय त्यांनी स्वतःच्या मांडीवर ओढला. घामानं, धुळीनं भरलेला बूट त्यांच्या पांढऱ्या धोतरावर. मी पाय मागं घेतला. "मामा, अहो नको, पाय काय..."

"गप बसा. लग्नात ह्येच पाय ताटात घिऊन धुतलं की मी, चारशे लोकांदेखत. आता चोळाय काय हरकत हाय?"

आणि त्यांनी दोन्ही अंगठे पोटरीत रोवले. तालमीत कुस्ती सुटल्यावर एकमेकांची अंगं रगडतात, ते अंगठे. मी ओरडलो. समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं. मामा शांतपणे वरून खाली, वरून खाली. तीन मिनिटं झाली असतील. गोळा विरघळत गेला. त्यांनी माझा पाय उचलून जमिनीवर ठेवला, धोतर झटकलं आणि म्हणाले, "जावा आता. पंजावर पळू नका, आख्खा पाय टाका."

गेलो. आख्खा पाय टाकत. शेवटचे तीन किलोमीटर कसे गेले ते मला नीट आठवत नाही. एका वळणावर हलगी वाजत होती, आणि 'सुजाताचा नवरा!' असं संगीता शेजारणींना ओरडून सांगत होती, एवढं आठवतं. तीन तास सहा मिनिटं लागली. मैदानात निम्मे तंबू सोडायला घेतले होते. सुजातानं माझ्या गळ्यातल्या पदकाकडं आणि मग माझ्याकडं पाहिलं आणि भर मैदानात माझा घामट हात घट्ट धरून ठेवला. मामा गर्दीतून वाट काढत आले. ओळख ना पाळख अशा तिघांना त्यांनी थांबवून सांगितलं, "ह्यो आमचा जावई. पुण्याचा हाय. सगळा पायानं पळाला."

मिसळ खाल्ली. शर्यतीनंतर कोल्हापुरात दुसरं काही खाऊ नका. कट जास्त मागा, पाव नंतर मोजा. मटण संगीतानं ठेवलं होतंच. ते दुपारी झालं आणि रात्रीच्या गाडीच्या डब्यातही झालं.

घरी पोचल्यावर चार दिवस मी जिना उलटा उतरत होतो. पदक किल्ल्यांच्या खुंटीवर अडकवलंय, रोज किल्ली काढताना वाजतं. मैदानावर पुन्हा जातोय, आठवड्यातून तीनदा. मॅडमनी सगळ्यांसमोर एवढंच विचारलं, "घड्याळ बरोबर चालतंय ना आता?" आणि पुढं पळत गेल्या. त्या तीन आठवड्यांत मनावर जे बसलं होतं, ते उतरलं. एकवीसपेक्षा मला त्याचाच जास्त आनंद आहे.

गेल्या रविवारी मामींचा फोन आला. आवाज जरा दबका.

"तुमच्या मामांनी नवीन खूळ काढलंय. डेअरीला दूध घालाय चालत जात्यात, कॅन खांद्यावर टाकून. वाटंत सगळी गाडी थांबवत्यात, आबा बसा की, आबा बसा की म्हणत्यात. ह्ये आपलं एकच. न्हाय बसत!"

मला इतकं बरं वाटलं की मी उभाच राहिलो. "रोज? म्हणजे जाऊन-येऊन दोन किलोमीटर? गुडघ्याला फारच चांगलं."

मामी आणखी हळू म्हणाल्या, "जाताना न्हाय बसत. येताना गुरुजींच्या गाडीवर बसून येत्यात. आणि घरात सांगत्यात, दोन्ही टाईम चाललो म्हणून. तुम्ही काय बोलू नका हं."

"नाही मामी," मी म्हणालो. "मी कोण बोलणारा?"